मार्केटवर मजला चढतोय? सही करण्याआधी कागद बघा



गेल्या महिन्यात एकाच दिवशी मला दोन फोन आले. गाव एकच, इमारतही एकच. गावाचं नाव घेत नाही, आपल्या खान्देशातलंच तालुक्याचं गाव आहे.

पहिला फोन एका काकांचा. तिथल्या नगरपरिषदेच्या जुन्या व्यापारी संकुलात त्यांचं कटलरीचं दुकान आहे, वीस-बावीस वर्षांपासून. म्हणाले, "भाऊ, आमच्या मार्केटवर दोन मजले चढवायचं चाललंय. पुढची मोकळी जागापण घेणार म्हणता. व्यापाऱ्यांनी विरोधाचं निवेदन काढलंय. सही करू का?"

दुपारी फोन आला एका ताईंचा. माझ्या बॅचला होत्या. घरून पापड-मसाल्याचा धंदा करतात, हाताखाली दोन बाया आहेत. म्हणाल्या, "दादा, आमच्याकडे मार्केट वाढतंय. वरच्या मजल्यावर गाळा मिळतोय. एक जण म्हणतो, आत्ता पन्नास हजार टोकन द्या, नंतर भाव वाढेल. देऊ का?"

मी दोघांना एकच विचारलं, "नकाशा पाहिला का? ठराव वाचला का?" दोघांचं उत्तर एकच. नाही.

म्हणजे काका विरोधात, ताई बाजूने, आणि कागद कोणीच बघितलेला नाही. आपल्याकडे बाजारपेठेतली इमारत वाढवायचं नाव निघालं की असंच होतं. अर्धं गाव म्हणतं "विकास होतोय", अर्धं म्हणतं "व्यापाऱ्याला मारायला निघाले". चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअॅपवर दोन पार्ट्या पडतात. माझं मत स्पष्ट आहे. इमारत वाढायला माझा विरोध नाही. पण लेखी अटी हातात आल्याशिवाय छोट्या धंदेवाल्याने विरोधाची सही करू नये आणि बुकिंगचा एक रुपयाही देऊ नये. का, ते सांगतो.

जळगावपासून सुरुवात करू

एरंडोलच्या माणसाला माल भरायचा म्हटलं की जळगाव. फुले मार्केट, गोलाणी मार्केट, दाणा बाजार, आपले पाय तिकडेच वळतात. त्यामुळे जळगावच्या गाळ्यांचा वाद आपण सगळ्यांनी जवळून पाहिला आहे. पण त्यातून शिकलो किती?

थोडक्यात सांगतो. महापालिकेच्या संकुलांमधल्या दोन हजारांहून जास्त गाळ्यांचे करार 2012 मध्ये संपले. करार संपला म्हणजे पुढे काय, नवीन भाडं किती, लिलाव होणार की नूतनीकरण, याचं उत्तर आधीपासून कोणाकडेच तयार नव्हतं. मग निवेदनं झाली, बंद झाले, उपोषणं झाली. थकबाकीवर भाड्याच्या पाचपट दंडाचा विषय निघाला. प्रकरण हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. 2019 मध्ये राज्य सरकारने महापालिकांच्या अशा मालमत्तांसाठी नियम काढले. त्यात भाडं बाजारमूल्याच्या 8 टक्क्यांपेक्षा कमी नको असं आलं. त्यावर पुन्हा ओरड झाली आणि ते नियमही पुढे बदलावे लागले.

8 टक्के ऐकायला छोटं वाटतं. गाळ्याची किंमत 10 लाख धरा. वर्षाचे 80,000 झाले, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या वर. जो माणूस जुन्या कराराने काही शेकड्यांत भाडं भरत होता, त्याच्या पोटात गोळा येणारच.

आता कोणी म्हणेल व्यापारी बरोबर, कोणी म्हणेल महापालिका बरोबर. तो वाद मी इथे सोडवत नाही. मला दिसतं ते एवढंच, की करारात मुदत पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. मुदत संपल्यावर काय, हे मात्र वेळेत ठरलं नाही. त्यानंतरची कित्येक वर्षं दुकानदार आणि महापालिका दोघंही अडकले. ज्याचं दुकान उद्या राहील की नाही हे नक्की नाही, तो फर्निचर बदलत नाही, नवीन माल भरत नाही, बँकही त्याच्याकडे संशयाने बघते. हे नुकसान कुठल्याच निवेदनात लिहिलं जात नाही.

एक कायद्याची गोष्ट इथेच लक्षात ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा सरकारच्या किंवा नगरपरिषद-महापालिकेच्या मालकीच्या जागेला लागू होत नाही. "मी वीस वर्षांचा भाडेकरू आहे, मला कोण काढतं" हे वाक्य खासगी मालकाच्या जागेत थोडंफार चालेल. नगरपरिषदेच्या गाळ्यात तुमचं संरक्षण म्हणजे तुमचा करार. म्हणून काकांना मी पहिल्यांदा म्हटलं, "काका, तुमचा करार कपाटातून काढा. मुदत कधीपर्यंत आहे ते बघा. मग सहीचं बघू."

ते म्हणाले, "करार वडिलांच्या नावावर आहे." आता बोला.

विरोधाने काम थांबतं, छत गळायचं थांबत नाही

मोठ्या शहरातही वेगळं नसतं. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट घ्या, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत 1869 मध्ये पूर्ण झालेली. खासगी विकासकाकडून तिचा पुनर्विकास करायचा, मागे उंच इमारती उभारायच्या, असा प्रस्ताव आला तेव्हा वारसा जपणाऱ्या लोकांनी कडाडून विरोध केला. तो प्रस्ताव मागे पडला. पुढे महापालिकेने जुनी वास्तू राखून काम स्वतःच हातात घेतलं. इमारत वाचली ही चांगलीच गोष्ट आहे, मी त्या लोकांना मानतो. पण प्रस्ताव, विरोध, पुन्हा प्रस्ताव या सगळ्यात वर्षांमागून वर्षं गेली. आणि तेवढी वर्षं आतला फळवाला, मसालेवाला जुन्याच छताखाली धंदा करत होता.

म्हणून नुसतं "नको" म्हणणं पुरत नाही. जुनी इमारत तशीच ठेवायचीसुद्धा एक किंमत असते. जिना मोडका, वायरिंग लोंबतंय, संडासला पाणी नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटचं 2017 मधलं उदाहरण आठवा. इतकं गजबजलेलं मार्केट, आणि अस्वच्छतेमुळे ते काही दिवस बंद ठेवायचा आदेश निघाला. ज्यांची दुकानं झाडून-पुसून चकाचक होती, त्यांचंही शटर खाली. सामाईक जागेची काळजी कोण घेणार हे ठरलेलं नसलं, तर तुमचं दुकान कितीही सुंदर असो, उपयोग नाही. दोन मजले चढवले तर हा प्रश्न तिप्पट होणार.

माझी स्वतःची चूक

आता माझं सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की हा नुसता ज्ञान देतो.

बीबीए झाल्यावर माझ्या डोक्यात हवा होती. एका शहरात, नाव नको, एका खासगी कॉम्प्लेक्सवर नवीन मजला चढत होता. खालच्या गाळ्याचं भाडं माझ्या आवाक्याबाहेर होतं, वरच्याचं निम्मं. मी हिशोब केला, भाडं निम्मं म्हणजे फायदा दुप्पट. घेतला गाळा. दीड लाख डिपॉझिट, फर्निचर वेगळं. धंदा मॅचिंग सेंटरचा. म्हणजे गिऱ्हाईक सगळ्या बायका.

लिफ्ट येणार होती, ती आली नाही. तळघरात पार्किंग होतं, तिथे कोणाचे तरी खोके भरले. संडासला पाणी नव्हतं. अस्तर आणि फॉल घ्यायला कोण बाई लेकरू कडेवर घेऊन दोन जिने चढणार? खाली एक म्हातारे दुकानदार होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाऊ, वर कोन येस?" मी हसलो होतो. चौदा महिन्यांत दुकान बंद केलं.

मग एरंडोलला परत आलो आणि खालच्या मजल्यावर अगदी छोटं दुकान घेतलं, आतमध्ये दोन माणसं उभी राहिली तर तिसरा बाहेर. भाडं चौरस फुटाच्या हिशोबाने महाग. पण कासोद्याहून, रिंगणगावहून बाजाराला आलेली बाई चालता चालता आत डोकावते. तेच दुकान आजही माझं घर चालवतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की वरचा मजला वाईट नसतो, चुकीच्या धंद्याला वाईट असतो. टॅक्स सल्लागार, क्लास, डेंटिस्ट, शिलाईचं युनिट, ऑनलाइन ऑर्डरचं पॅकिंग, यांना वरचा मजला चालतो, कारण गिऱ्हाईक ठरवून येतं. डोकावून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा धंदा खालेच पाहिजे.

ताईंचा हिशोब

ताईंना सांगितला जाणारा भाव होता 12 लाख. त्यांच्याकडे 3 लाख होते, 9 लाख कर्ज काढायचा विचार. आम्ही फोनवरच मांडणी केली.

9 लाख, 10 टक्के व्याज, 10 वर्षं. हप्ता साधारण 11,900 रुपये. वीजबिल, देखभाल, झाडलोट मिळून 2,500 धरा. झाले 14,400. पापड-मसाल्यात सगळा खर्च जाऊन हातात 20 टक्के राहतात असं त्या म्हणतात. मग नुसती जागा परवडायला महिन्याला 72,000 ची विक्री पाहिजे. 26 दिवसांचा महिना धरला तर रोज जवळजवळ 2,800 रुपये. एवढं विकल्यावर घरात येणार शून्य. तिथून पुढे जे विकलं जाईल त्यातून घर चालणार.

ताईंची आजची विक्री घरून, बिनभाड्याने, महिन्याला चाळीस-पंचेचाळीस हजार आहे. त्यातले आठ-नऊ हजार त्यांना सुटतात. मी विचारलं, "गाळा घेतला तर विक्री दुप्पट होईल असं कशावरून वाटतं?" त्या म्हणाल्या, "मार्केट वाढतंय ना दादा." मार्केट वाढतंय म्हणजे गाळे वाढतायत. गिऱ्हाईक तेवढंच आहे. गावाची लोकसंख्या काय मजल्याबरोबर वाढते का?

आणि टोकनचं तर ऐकूनच मी उडालो. नगरपरिषदेचे गाळे जाहीर लिलावाने, निविदेने दिले जातात. जाहिरात निघते, अनामत रकमेची पावती मिळते. इमारतीला अजून मंजुरी नाही आणि मधला माणूस पन्नास हजार मागतो, म्हणजे तो गाळा नाही, हवा विकतोय. एक पैसा देऊ नका.

इमारत खासगी बिल्डरची असेल तर रेरा कायदा बघा. महाराष्ट्रात तो 1 मे 2017 पासून पूर्ण लागू आहे आणि फ्लॅटसारखा दुकानाच्या गाळ्यालाही लागतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि गाळे आठपेक्षा जास्त असतील तर महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात, बुकिंग काहीच करता येत नाही. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. भाव कार्पेट एरियावर सांगावा लागतो. शिवाय मंजूर नकाशात मोठा बदल करायचा, मजला वाढवायचा, तर गाळे घेतलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती लागते. हे माहीत असेल तर तुम्ही बिल्डरसमोर ताठ मानेने बसाल.

काकांचा हिशोब

काकांची विक्री रोज 4,000 च्या आसपास. मार्जिन 20 टक्के, म्हणजे 800 रुपये. डोक्यावर काम चालू, समोर पत्रे ठोकलेले, सिमेंटची धूळ. विक्री 40 टक्के घटली तर रोज 320 रुपये कमी. 26 दिवसांचे 8,320. काम दोन वर्षं चाललं, आणि आपल्याकडे दोन वर्षं म्हणजे कमीच, तर जवळजवळ दोन लाख रुपये.

काकांची भीती खोटी नाही. दोन लाख ही त्यांची खरी रक्कम आहे. पण निवेदनात काय लिहिलं होतं? "व्यापाऱ्यांवर अन्याय होत आहे, तरी विस्तार रद्द करावा." बस. दोन लाखांचा उल्लेख नाही, मागणी नाही. असं निवेदन साहेब घेतात, फोटो काढतात आणि फायलीला लावतात. त्याऐवजी लिहा: काम चालू असताना पर्यायी गाळा कुठे देणार, त्या काळातलं भाडं माफ करणार का, काम झाल्यावर त्याच जागी, तेवढ्याच क्षेत्रफळाचा गाळा देणार का, कराराची मुदत आणि नवीन भाडं किती. आकडा लिहिला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

ज्यांना कोणीच फोन करत नाही

या सगळ्या गोंधळात एका माणसाचं नाव निघत नाही. मार्केटसमोरच्या मोकळ्या जागेतला हातगाडीवाला. विस्तारात पहिली जागा त्याची जाते. आणि खरं सांगतो, आपण दुकानदारच त्याला हटवायला पुढे असतो.

मीही होतो. माझ्या दुकानासमोर एक बांगड्यांची गाडी आणि एक भाजीवाली बसायची. "शटर झाकतं" म्हणून आम्ही पाच-सहा दुकानदारांनी अर्ज दिला, त्यात माझीही सही होती. ते तिथून गेले. दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की संध्याकाळची गर्दी गेली. बाई बांगड्या घ्यायला थांबायची, म्हणून माझ्याकडे मॅचिंग बघायची. तेव्हापासून मी न वाचता, हिशोब न करता कुठल्याच कागदावर सही करत नाही.

हातगाडीवाल्याला कायदा आहे, 2014 चा पथविक्रेता कायदा. सर्वेक्षण करून प्रमाणपत्रं देईपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवता येत नाही. दुसरीकडे हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात, आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश महिला. तुम्ही आज गाडीवर धंदा करत असाल तर तुमच्या गावातली समिती कोणाची आहे हे आधी विचारा. आणि दुकानदार असाल तर विस्ताराच्या नकाशात ओट्यांची जागा मागा. पापड-मसाल्याच्या ताईंना बारा लाखांच्या गाळ्यापेक्षा जिन्याशेजारी सहा बाय चारचा ओटा जास्त उपयोगाचा आहे. नवीन माणसाने धंद्यात शिरायचं ते अशाच जागेतून.

कागद मिळवायचा कसा

नगरपरिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मागायच्या गोष्टी चार: सभेचा ठराव, इमारतीचा नकाशा, खर्चाचं अंदाजपत्रक आणि जुन्या गाळेधारकांबाबतच्या अटी. नकाशात पार्किंग किती, जिने किती, संडास कुठे ते बघा. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पार्किंगचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे, ते नकाशात आहे का ते एखाद्या इंजिनिअरला दाखवून घ्या. जागेवरचं आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली हरकती-सूचना मागवल्या जातात, त्यासाठी महिनाभराची मुदत असते. ती नोटीस पेपरात कोपऱ्यात येते. आपण क्रिकेटचं पान वाचत बसतो आणि मुदत निघून जाते.

काही जण म्हणतील, "भाऊ, असे कागद मागत बसलो तर गावात कामच होणार नाही." मला हे पटत नाही. जळगावला कागद वेळेत ठरला नाही म्हणून किती वर्षं गेली ते वर सांगितलं. एक महिना कागद वाचण्यात गेला तर काही बिघडत नाही.

शेवटी त्या दोघांचं काय झालं? ताईंनी टोकन दिलं नाही. त्या आता आठवडी बाजारात टेबल लावून बघतायत, पहिल्या बाजाराला 1,900 ची विक्री झाली. काकांनी त्या निवेदनावर सही केली नाही, म्हणून शेजारचे दोन दुकानदार त्यांच्याशी बोलत नाहीत. त्यांनी स्वतःच्या चार मागण्यांचा वेगळा अर्ज दिला आणि पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. पण वडिलांच्या नावावरचा करार स्वतःच्या नावावर करायचा अर्जही त्यांनी त्याच दिवशी टाकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्या गावात मार्केट वाढायची चर्चा चालू असेल तर आज एवढंच करा. तुमचा करार काढा आणि मुदत संपायची तारीख वाचा. करार नसेल, अजून धंदा सुरूच केला नसेल, तर वहीत लिहा: माझं गिऱ्हाईक ठरवून येणार की डोकावून? पुढच्या व्हिडिओत मी ओट्यावरून गाळ्यापर्यंत जायचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवणार आहे. वही-पेन घेऊन बसा.